थंडीची साक्ष आणि तिची उलटतपासणी



स्मृतिव्याख्यान म्हटले की थोर पुरुषांची चरित्रे, राज्यांचे उदयास्त किंवा साहित्यातील प्रवाह असे विषय आपल्या डोळ्यांपुढे येतात. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे ती तांदळाच्या दाण्याहून फारशी मोठी नाही. घरातील फ्रीजरच्या आतल्या भिंतीमागे, शीतनलिकांच्या जाळीला चिमट्याने अडकवलेली, दोन तारांच्या टोकाशी बसवलेली ती एक मढवलेली गुंज असते. तिला तापसंवेदक म्हणतात. दुरुस्ती करणारे कारागीर नुसते ‘सेन्सर’ म्हणतात. ही गुंज बिघडली हे कसे ओळखावे आणि बिघाड कसा दूर करावा, हा प्रश्न घरगुती आहे खरा; परंतु त्याच्या उत्तरामागची रीत सिद्ध करण्यात माणसाची पावणेतीनशे वर्षे खर्ची पडली आहेत.

प्रथम प्रश्न नीट मांडू. गोठवलेले अन्न टिकविण्यासाठी फ्रीजरच्या आत सुमारे उणे १८ सेल्सियस अंश तापमान राखावे, असा सर्वमान्य संकेत आहे. त्यासाठी कॉम्प्रेसर केव्हा चालू व्हावा आणि केव्हा थांबावा हे नियंत्रक मंडल ठरवते. या मंडलाला थंडी कळत नाही. त्याला कळतो तो फक्त संवेदकाचा विद्युतरोध. थंडी वाढली की हा रोध वाढतो, ऊब वाढली की तो घटतो. मंडल तो आकडा वाचते आणि त्यावरून आतील थंडीचा निवाडा करते. सारा न्याय एकाच साक्षीदाराच्या तोंडावर चाललेला असतो.

‘अजून पुरेसे थंड झालेले नाही’ अशी खोटी साक्ष या साक्षीदाराने दिली, तर कॉम्प्रेसर अहोरात्र चालतो, विजेचे बिल वाढते, आणि दोन्ही कप्पे एकाच यंत्रणेवर असतील तर खालच्या कप्प्यातील भाज्याही गोठतात. २ ते ८ अंशांत ठेवावयाचे इन्सुलिन एकदा गोठले की वापरण्याजोगे राहत नाही, आणि नुसत्या नजरेने ते नेहमी ओळखू येतेच असे नाही. उलट ‘भरपूर थंड झाले’ अशी खोटी साक्ष मिळाली तर कॉम्प्रेसर अकाली थांबतो आणि अन्न हळूहळू विरघळू लागते. पुढे थंडी वाढली की तेच अन्न पुन्हा गोठून वरकरणी निर्दोष दिसते. दर्शनी फलकावर मात्र उणे १८ हा आकडा झळकतच राहतो, कारण फलक संवेदकाचेच शब्द उच्चारत असतो. मग साक्षीदाराचा खरेपणा त्याच्याच तोंडून कसा पारखावयाचा? तापमापनाचा इतिहास हा बव्हंशी या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस व सतराव्याच्या आरंभी इटलीत गॅलिलिओ आणि त्याचे समकालीन काचेच्या नळीतील हवेच्या प्रसरणावरून उष्णता पाहू लागले. पादुआचा वैद्य सान्तोरिओ याने १६१२ च्या सुमारास अशा नळीला मोजपट्टी जोडली. या उपकरणाचे खालचे तोंड पाण्यात उघडे असे. काही दशके लोक त्यावर विसंबून राहिले. पुढे १६४४ मध्ये टोरिचेल्लीने हवेला दाब असतो आणि तो बदलतो, हे पाऱ्याच्या नळीने दाखवून दिले. तेव्हा ध्यानात आले की उघड्या नळीतील पाण्याची पातळी उष्णतेबरोबर वायुदाबाचीही साक्ष देत होती, आणि दोन्ही साक्षी एकमेकींत मिसळल्या होत्या. फ्लॉरेन्सचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याच्या आश्रयाने १६५० नंतरच्या दशकात मद्यार्क भरलेल्या, दोन्हीकडून बंद अशा नळ्या तयार झाल्या आणि तो दोष गेला. उपकरण खोटे बोलत नसेल, पण विचारलेल्या प्रश्नाऐवजी भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत असेल, हा इतिहासाने दिलेला पहिला धडा होय.

तरीही एका गावचा तापमापक दुसऱ्या गावच्या तापमापकाशी जुळत नसे. त्यांना जुळविण्यासाठी निसर्गात न बदलणाऱ्या खुणा हव्या होत्या. फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपल्या मोजपट्टीच्या खुणा प्रसिद्ध केल्या: बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६. यांतील पहिली खूण फसवी आहे. ज्यांच्या घरी पॉट फिरवून आइस्क्रीम केले जाई त्यांना ठाऊक असेल की बर्फात जाडे मीठ घातले म्हणजे तो अधिक थंड होतो. पण किती, ते मिठाच्या प्रमाणावर आणि ढवळण्यावर अवलंबून असते. मिठाच्या अशा मिश्रणाची पोहोच उणे २१ सेल्सियस अंशांपर्यंत असली, तरी दर वेळी ते तेथे पोहोचेलच असे नाही. जी खूण करणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते ती साक्षीदाराच्या परीक्षेला उपयोगी नाही.

स्वीडनमधील उप्साला येथील खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सियस याने १७४२ मध्ये दोनच खुणा मान्य केल्या: वितळणारा बर्फ आणि उकळते पाणी. वितळत्या बर्फाची खूण ऋतू किंवा वायुदाब बदलला तरी हलत नाही, हे त्याने वारंवार प्रयोग करून पाहिले. उकळत्या पाण्याची खूण मात्र वायुदाबाबरोबर हलते, म्हणून तेथे दाबाची अट घातली. त्याच्या मूळ पट्टीवर उकळते पाणी शून्यावर आणि बर्फ शंभरावर होता. १७४४ मधील त्याच्या मृत्यूनंतर पट्टी उलटी होऊन आजची झाली. या भेदाचा प्रत्यय आपल्या परिसरातही येतो. पणजीत पाणी जवळजवळ शंभर अंशांना उकळते, तर सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावात ते साधारण अडीच अंश आधीच उकळते. बर्फ मात्र दोन्ही ठिकाणी एकाच अंशाला वितळतो. यात आणखी एक बारकावा आहे. संथ ठेवलेले शुद्ध पाणी कित्येकदा शून्याखाली जाऊनही गोठत नाही, हे फॅरनहाइटनेच पाहिले होते. म्हणून खूण धरावयाची ती ‘गोठणाऱ्या पाण्याची’ नव्हे, तर ‘वितळणाऱ्या बर्फाची’.

थंडीच्या खोट्या साक्षीचे सर्वांत बोधप्रद प्रकरण सैबेरियात घडले. १७३४-३५ च्या हिवाळ्यात येनिसेस्क येथे ग्मेलिन या निसर्गशास्त्रज्ञाने पाऱ्याचा तापमापक उणे १२० फॅरनहाइट अंशांपर्यंत उतरल्याची नोंद केली, आणि ही नोंद पुढे बरीच वर्षे मान्य राहिली. १७५९ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्ग येथे ब्राऊन याने बर्फ आणि नत्राम्ल यांच्या मिश्रणात तापमापक बुडविला, तेव्हा पारा शून्याखाली शेकडो अंश घसरला आणि अखेर घट्ट झाला. धातूंपैकी जो नित्य द्रवरूप राहतो तोही गोठतो, या शोधाने विद्वज्जगत थक्क झाले. पण ते शेकडो अंश खरे होते काय?

गोठताना पारा एकाएकी बराच आकुंचन पावतो. नळीतील स्तंभ त्यामुळे खाली जातो आणि मोजपट्टीकडे पाहणाऱ्याला वाटते की थंडी वाढली. हा संशय तपासण्याची युक्ती लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने आखली आणि कॅनडातील हडसन उपसागराच्या काठी, अल्बनी फोर्ट येथे, थॉमस हचिन्स याने १७८१-८२ च्या हिवाळ्यात ती अमलात आणली. तापमापकाचा फुगा पाऱ्याने भरलेल्या एका रुंद नळीत ठेवायचा आणि ती नळी शीतमिश्रणात बुडवायची. बाहेरचा पारा गोठू लागला की तो पूर्ण गोठेपर्यंत त्याचे तापमान स्थिर राहते. आतील तापमापकातील पारा मात्र त्या अवधीत द्रवच असतो, म्हणून त्याची साक्ष ग्राह्य धरता येते. काटा स्थिरावला तो उणे ३९ फॅरनहाइट अंशांच्या आसपास. शेकडो अंशांची थंडी कधी नव्हतीच! कॅव्हेंडिशने नंतर तो तापमापकही परत मागवून तपासला, कारण साक्षीदाराची पूर्वपीठिका पाहिल्यावाचून निकाल देणे त्याला रुचणारे नव्हते. ज्या पाऱ्याने फसविले त्याचीच एक अवस्था पुढे परीक्षकाच्या आसनावर बसली, ही इतिहासाची गंमत आहे. १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापनश्रेणीत पाऱ्याचा त्रिक बिंदू, म्हणजे उणे ३८.८३४४ सेल्सियस अंश, ही एक अधिकृत स्थिर खूण आहे.

याच शतकातील एक प्रकरण आपल्या देशातले आहे. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हिंदुस्थानात बर्फ कसा करतात याचे वर्णन ठेवले. तेव्हाचे अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, आणि कलकत्ता यांच्या परिसरात हिवाळ्यातील निरभ्र, निवांत रात्री उघड्या मैदानात खड्डे करून त्यांत ऊस किंवा मक्याची वाळलेली ताटे अंथरीत आणि त्यांवर पाण्याने भरलेली मातीची उथळ भांडी मांडीत. पहाटे त्यांत बर्फ मिळे. शेजारच्या हवेतील तापमापक मात्र गोठणबिंदूच्या वरच असे. खोटे कोण बोलत होते? कोणीच नाही. भांड्यातील पाणी आपली उष्णता मोकळ्या आकाशाकडे उत्सर्जित करून हवेहून अधिक थंड होत होते. विल्यम वेल्स याने दवावरील आपल्या १८१४ च्या निबंधात हे कोडे उलगडले. तापमापक सांगतो ते फक्त स्वतःचे तापमान. ते दुसऱ्या वस्तूचे तापमान आहे असे आपण मानतो, ती आपली जबाबदारी असते. फ्रीजरमधील संवेदक आपल्या चिमट्यातून निसटून लोंबकळत असेल किंवा बर्फाच्या थरात पुरला गेला असेल, तर तो निर्दोष असूनही मंडलाची दिशाभूल होते. दुरुस्तीस बसणाऱ्याने संवेदक काढण्यापूर्वी त्याची जागा नीट पाहावी, ती यासाठी.

एकोणिसाव्या शतकात विजेने तापमान मोजण्याची कल्पना पुढे आली. विल्यम सीमेन्स याने १८७१ मध्ये रॉयल सोसायटीच्या बेकर व्याख्यानात प्लॅटिनमच्या तारेचा रोध मोजून तापमान सांगण्याची पद्धत मांडली. १८७४ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या समितीला आढळले की एकदा खूप तापवून थंड केल्यावर या उपकरणाची शून्याची खूण आपल्या जागी राहत नाही. कल्पना जवळजवळ टाकून दिली गेली. १८८७ मध्ये केंब्रिजच्या ह्यू कॅलेंडर या तरुण संशोधकाने दाखविले की दोष प्लॅटिनमच्या स्वभावात नव्हता. तार शुद्ध असावी, तिच्यावर ताण नसावा, आणि आधाराची माती किंवा भोवतालचे वायू यांनी ती दूषित होऊ नये, एवढी काळजी घेतली की तीच तार अत्यंत विश्वसनीय ठरते. साक्षीदार सच्चा होता, त्याची राहण्याची जागा वाईट होती. घरगुती फ्रीजरमध्येही हेच वारंवार घडते: आतील गुंज शाबूत असते, पण तिच्यावरील आवरणाला सूक्ष्म तडा जाऊन त्यातून ओल शिरते.

आता या गुंजेचा वंश पाहू. धातू तापले की त्यांचा रोध वाढतो. पण मायकेल फॅरडेला १८३३ मध्ये चांदीच्या सल्फाइडात नेमके उलटे वर्तन आढळले. जवळजवळ शंभर वर्षे ही नवलाई प्रयोगशाळेतच राहिली, असे म्हणण्याजोगी स्थिती होती. १९३० मध्ये सॅम्युअल रूबेन याने असा उपयुक्त घटक सिद्ध करून त्याचे पेटंट घेतले, आणि पुढील दोन दशकांत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांनी मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंची ऑक्साइडे भट्टीत भाजून एकसारखे मणी बनविण्याची कला वाढविली. त्यांना थर्मिस्टर हे नाव पडले. घरगुती शीतकपाटांत मात्र दीर्घकाळ यांत्रिक थर्मोस्टॅट राज्य करीत होता: वायू भरलेली बारीक नळी, तिच्या टोकाशी फुगणारा-आकसणारा भाता, आणि त्याने ढकलला जाणारा विजेचा खटका. भारतात गोदरेजची शीतकपाटे १९५८ पासून बनू लागली. अंक कोरलेले वर्तुळाकार बटण फिरवून थंडी कमीजास्त करणे ही आपल्यापैकी अनेकांच्या घरची सवय होती. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले तसा भाता जाऊन थर्मिस्टर आला.

या इतिहासाच्या प्रकाशात प्रत्यक्ष निदानाकडे वळू. फ्रीजर नीट थंड होत नाही म्हणून लगेच संवेदकावर आरोप ठेवू नये. दाराचे रबर, आतील पंखा, जाळीवर साचलेला बर्फ हे संशयित आधी तपासावेत. मग उणे अंश दाखविणारा एक स्वतंत्र तापमापक गोठलेल्या पुड्यांच्या मध्ये रात्रभर ठेवावा. त्याचे वाचन आणि फलकावरील आकडा यांत मोठी, टिकून राहणारी तफावत असेल, तरच संवेदकाची उलटतपासणी सुरू करावी.

फ्रीजरचा प्लग काढून संवेदकाची जोडणी सोडवावी. नियंत्रक मंडलावरील काही घटकांत वीज बंद केल्यावरही भार शिल्लक असतो; म्हणून जोडणी थेट मंडलावरच असेल तर ते काम जाणकार कारागिरावर सोपवावे. थर्मासमध्ये स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक ठेचून भरावा, फटी भरतील एवढेच थंड पाणी घालावे, मीठ अजिबात घालू नये. संवेदकाचे टोक त्यात, तळाला न टेकवता, दहा मिनिटे ठेवावे, मधून मधून ढवळावे आणि मल्टिमीटरने रोध मोजावा. ही झाली सेल्सियसची पहिली खूण. दुसरी खूण म्हणून खोलीच्या तापमानाला, भरवशाच्या तापमापकाशेजारी ठेवून पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे निर्मात्याच्या कोष्टकाशी ताडून पाहावेत. उदाहरणार्थ, २५ अंशांना १० किलोओहम असणारा थर्मिस्टर शून्य अंशाला, जातीनुसार, सुमारे २८ ते ३४ किलोओहम दाखवितो आणि उणे १८ ला ७० ते ९३ किलोओहमपर्यंत चढतो. शून्याच्या आसपास एका अंशाला सुमारे पाच टक्के, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

दोन खुणा कशासाठी? ओल शिरली की गुंजेला समांतर अशी एक चोरवाट तयार होते. ही वाट ३०० किलोओहमची आहे असे धरू. खोलीच्या तापमानाला १० किलोओहमऐवजी ९.७ दिसतील, एक अंशाचाही फरक नाही, आणि घाईचा परीक्षक संवेदकाला निर्दोष सोडील. उणे १८ ला मात्र ८० किलोओहमऐवजी जेमतेम ६३ दिसतील, म्हणजे सुमारे चार अंशांची खोटी ऊब. याउलट जोडणी गंजली तर वाटेत जादा रोध येतो. तो ५ किलोओहम असेल तर खोलीत १० चे १५ होऊन मोठी चूक दिसते; उणे १८ ला ८० चे ८५ होऊन ती एका अंशावर येते. एकच खूण घेतली असती तर दोष आहे एवढेच कळले असते, किंवा तेही कळले नसते. दोन खुणा घेतल्याने दोषाची जातही कळते. थंडीत वाढणारी चूक ओलीची, उबेत वाढणारी चूक जोडणीची. मल्टिमीटर अमर्याद रोध दाखवीत असेल तर तार तुटली आहे, आणि जवळजवळ शून्य दाखवीत असेल तर तारा एकमेकींना भिडल्या आहेत. मुठीत धरून ऊब दिल्यावर रोध सावकाश, धक्के न खाता उतरला पाहिजे. तार हलविताच आकडा उड्या मारू लागला तर तुटलेली तार आवरणाच्या आत लपलेली आहे.

जोडणी गंजली असेल तर ती साफ करून किंवा बदलून भागते. गुंज ओलावली असेल तर ती बदलावी. वाळवून तात्पुरती साक्ष सुधारते, पण तडा तसाच राहतो. नवा संवेदक २५ अंशांना त्याच रोधाचा असून पुरत नाही, त्याचे संपूर्ण कोष्टक जुन्याशी जुळले पाहिजे. सांधा करावयाचा तर तो थंड, दमट जाळीपासून दूर असावा आणि आतून चिकटद्रव्य असलेल्या आकुंचनशील नळीने पूर्ण बंद करावा. अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजरमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू शीतक म्हणून असतो. म्हणून यंत्राच्या आत ज्योत किंवा तापलेली कानस नेऊ नये, आणि बर्फ खरवडताना नळीला टोचू नये. संवेदक मूळ जागी, मूळ चिमट्यात बसवावा. त्यानंतर एक पूर्ण दिवस यंत्र चालू देऊन स्वतंत्र तापमापकाचे वाचन पुन्हा पाहावे. दुरुस्ती झाली असे म्हणण्याचा अधिकार त्यानंतरच मिळतो.

एवढ्या लहान गुंजेपायी अख्खे यंत्र भंगारात गेल्याची उदाहरणे आपल्या आजूबाजूला कमी नाहीत, आणि फलकावरील आकड्यावर विश्वास ठेवून औषध वाया गेल्याचे दुःखही काही घरांना ठाऊक असेल. आज रक्तदाबाचा, साखरेचा, विजेच्या वापराचा आकडा आपल्यापुढे आपोआप उमटतो. तो कोणाच्या साक्षीवर उमटला आणि त्या साक्षीदाराला शेवटचे कधी तपासले, हे विचारण्याची सवय शाळेतच लागली पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेतील प्रत्येक तापमापक वर्षातून एकदा वितळत्या बर्फात बुडवावा, त्याच्या शून्याची चूक कागदाच्या पट्टीवर लिहून ती त्यालाच चिकटवावी, आणि हे काम विद्यार्थ्यांनी करावे, अशी माझी येथील शिक्षकांना विनंती आहे. त्याला खर्च नाही. लागतो तो मूठभर बर्फ आणि दहा मिनिटांचा धीर.